हौस, ईर्षा आणि इनाम : उपनगरातल्या दहीहंडीचा इतिहास काय सांगतो

आजच्या विषयाचं नाव 'खेळातील आंतरिक आणि बाह्य प्रेरणा' असं आहे. नाव जड आहे, प्रश्न साधा आहे. माणूस खेळतो तो खेळ आवडतो म्हणून, की खेळून काही मिळतं म्हणून? आणि जे मिळतं ते वाढत गेलं तर आवडीचं काय होतं?

या प्रश्नावर बोलताना वक्ते बहुधा ऑलिंपिककडे वळतात, नाहीतर क्रिकेटकडे. आपण अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातली माणसं आहोत. या प्रश्नाचा एक चांगला मोठा इतिहास आपल्याच नाक्यावर घडलेला आहे. तो म्हणजे दहीहंडीचा. तेव्हा आज तोच पाहू.

आता कोणी म्हणेल, दहीहंडी हा सण आहे, खेळ कुठे? तर असं बघा. सव्वा महिना सराव आहे, कौशल्य आहे, चढाओढ आहे, दुखापती आहेत, मोजमाप आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने विधानसभेत तिला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि २०२३ मध्ये वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये 'प्रो गोविंदा' नावाची लीगही झाली. ज्या खेळाची लीग झाली त्याला खेळ नाही म्हणणं आता अवघड आहे.

तीन शब्द

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्दांपाशी थोडं थांबण्याची सवय आहे. 'आंतरिक प्रेरणा' आणि 'बाह्य प्रेरणा' हे शब्द पाठ्यपुस्तकातले. मैदानावर आपल्या भाषेत यासाठी तीन शब्द आहेत : हौस, ईर्षा आणि इनाम.

हौस म्हणजे ती गोष्ट करण्यातच असलेला आनंद. 'हौसेला मोल नाही' असं आपण म्हणतो. त्यात थोडी थट्टा असते, पण त्यातलं सत्य असं की हौसेचा हिशेब पैशात मांडता येत नाही. बिनपैशाच्या खेळाडूला आपण 'हौशी' म्हणतो, हौशी नाटक म्हणतो, ते याच अर्थाने. इनाम म्हणजे बाहेरून मिळणारं. कुस्तीच्या फडात इनाम आधी पुकारलं जातं, मग जोड लागते. या दोघांच्या मध्ये ईर्षा आहे. ती धड आतली नाही, धड बाहेरची नाही. पलीकडच्या गल्लीने सहा लावले, आपण सात लावू, ही ती ईर्षा. पैसा मिळणार नसतो, तरी दुसऱ्याच्या नजरेत आपण कोण, हे ठरणार असतं.

अमेरिकेतल्या नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अभ्यासकाने १८९८ साली सायकलस्वारांच्या वेळा तपासल्या. एकट्याने घड्याळाशी शर्यत करणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या बरोबरीने धावणारा जास्त वेगाने जातो, असं त्याला दिसलं. खेळाच्या मानसशास्त्राची सुरुवात सांगताना हा अभ्यास नेहमी सांगितला जातो. म्हणजे हे शास्त्र सुरू झालं तेच ईर्षेपासून. हे तीन शब्द हाताशी ठेवू आणि इतिहासात जाऊ.

चाळीतली हंडी

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीचा गोपाळकाला कोकणात आणि देशावर जुनाच आहे. मुंबईत तो चाळींच्या वस्तीत रुजला. गिरगाव, लालबाग, परळ, दादर. दोन चाळींच्या मध्ये दोर बांधायचा, त्याला हंडी टांगायची. हंडी बांधणारे त्या चाळीतलेच, वर्गणी त्यांचीच, वरून पाणी ओतणाऱ्या बायकापोरंही त्यांचीच. फोडणारी पोरं शेजारच्या वाडीतली. हंडीबरोबर नारळ, फुलांच्या माळा आणि काही नोटा बांधलेल्या असायच्या. १९६३ च्या 'ब्लफमास्टर' या हिंदी चित्रपटात शम्मी कपूर गोविंदा होऊन हंडी फोडतो. तोवर मुंबईची ही हंडी देशभर दाखवण्याजोगी झाली होती.

या हंडीत इनाम होतं, हे विसरू नका. 'पूर्वी सगळं निर्मळ होतं, पैशाने बिघडवलं' अशी गोष्ट आपल्याला आवडते, पण ती पुरी खरी नाही. नोटा होत्या. पण हंडीची उंची इमारतीच्या उंचीवर आणि गच्चीत उभ्या असलेल्या काका-मामांच्या अकलेवर ठरत असे. हंडी फुटत नाही असं दिसलं की तेच काका-मामा दोर थोडा सैल सोडत. कारण पडणारं पोर कोणाचं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. हा दोर सैल सोडणारा माणूस लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या बोलण्याचा तो कणा आहे.

हंडी उपनगरात येते

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि गिरणगावातली कुटुंबं पश्चिमेला बोरिवली-विरारकडे, पूर्वेला मुलुंड-ठाणे-डोंबिवलीकडे सरकली. जोगेश्वरी, घाटकोपर, भांडुप इथल्या टेकड्यांवर कोकणातून आलेल्यांच्या वस्त्या आधीपासून होत्याच. 'कोकणनगर' ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. तिथे गोविंदा पथकं वाढली आणि पुढे हंडीचा केंद्रबिंदूच दक्षिणेकडून उत्तरेकडे गेला.

याच काळात हंडी बांधणारेही बदलले. चाळीऐवजी चौक आला, रहिवाशांऐवजी प्रतिष्ठान आलं. ठाण्याचा टेंभी नाका, वर्तकनगर, आपल्याकडे घाटकोपर, बोरिवलीचं मागाठाणे, अशा ठिकाणी राजकीय नेत्यांच्या मोठ्या हंड्या सुरू झाल्या. मंच, फलक, ध्वनिवर्धक, चित्रपटांतले पाहुणे, वाहिन्यांचे कॅमेरे. बक्षिसं हजारांतून लाखांत गेली. आणि एक बारीक पण फार महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी इनाम हंडी फोडण्याला होतं, आता ते थरांना लागलं. सात थरांना इतके, आठ थरांना तितके. प्रत्यक्ष हंडी फोडणं बाजूला पडलं. थर लागले, वरच्याने हात उंचावून सलामी दिली, की झालं.

या नव्या मोजमापाखाली कामगिरी वाढली का? वाढली. ऑगस्ट २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. उंची १३.३४ मीटर, म्हणजे ४३.७९ फूट. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. १६ ऑगस्ट २०२५ ला जोगेश्वरीच्याच कोकणनगर गोविंदा पथकाने ठाण्यात दहा थर लावले, त्यांना २५ लाखांचं बक्षीस मिळालं. त्याच दिवशी जय जवाननेही दहा थर लावले. एका उपनगरातली दोन पथकं! ईर्षेचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मानसशास्त्र काय म्हणतं

आता थोडं शास्त्राकडे. १९७१ साली एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. कोडं मजेदार होतं. एका गटाला मध्येच दर कोड्यामागे एक डॉलर देऊ केला, मग ते देणं बंद केलं. पैसे बंद झाल्यावर त्या गटातले विद्यार्थी रिकाम्या वेळात कोड्याला कमी हात लावू लागले. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रं काढणाऱ्या मुलांवर असाच प्रयोग केला. 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ' असं आधी सांगितलेल्या मुलांची गोडी पुढे कमी झाली. ज्यांना न सांगता, नंतर अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांची गोडी टिकली.

हा फरक नीट पाहा. प्रशस्तिपत्र तेच, कागद तोच, रिबन तीच. आधी पुकारलं तर ते आमिष होतं, नंतर दिलं तर ते कौतुक होतं. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यातून मोठा सिद्धांत उभा केला. माणसाची आतली प्रेरणा तीन गोष्टींवर पोसते : आपलं आपण ठरवतोय ही जाणीव, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव. बाहेरचं बक्षीस यांना पोसत असेल तर चांगलं, यांचा गळा दाबत असेल तर वाईट. यावर वादही खूप झाले. बक्षिसाने गोडी जातेच असं नाही, असं सांगणारे अभ्यासक आहेत. १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र तपासून आपली बाजू पुन्हा मांडली. ती वादावादी आपण बाजूला ठेवू.

आपला प्रश्न वेगळा आहे : हे सगळं जोगेश्वरीच्या पोराला लागू पडतं का? बक्षीस लाखांत गेलं म्हणून त्याची हौस आटली का?

एक साधा हिशेब

जरा गणित करू. समजा, पथकात ५०० माणसं आहेत. मोठ्या पथकाला एवढी लागतातच, कारण खालचा थर, त्याला चहूबाजूंनी रेटा देणारे, पडणाऱ्याला झेलणारे, हे सगळे धरायचे. समजा त्यांना सर्वांत मोठं, २५ लाखांचं बक्षीस मिळालं. माणशी ५,००० रुपये झाले. बरीच पथकं गुरुपौर्णिमेला सराव सुरू करतात. तिथपासून गोकुळाष्टमीपर्यंत ३८ दिवस. रोजचे झाले साधारण १३० रुपये. तेही हातात येत नाहीत. टी-शर्ट, गाड्या, जेवण, जखमींचा औषधोपचार आणि वर्षभराचे कार्यक्रम यांतच बरीच रक्कम जाते. आणि असं बक्षीस एखाद्यालाच मिळतं, बाकीच्यांना छोट्या रकमा.

दिवसभर कामावर जाऊन, रात्री दहा वाजता मैदानात येऊन, दुसऱ्याची टाच आपल्या खांद्याच्या हाडावर घेणारा माणूस १३० रुपयांसाठी येतो असं कोण म्हणेल? तो हौसेने येतो, ईर्षेने येतो, मित्रांसाठी येतो. डेसी-रायनच्या तिन्ही गोष्टी त्याला तिथे मिळतात. वर्षभर ज्याला कोणी विचारत नाही, त्याचा खांदा तिथे मोलाचा असतो. खालच्या थरातला जाडजूड माणूस टीव्हीवर कधी दिसत नाही, आणि तरी पुढच्या वर्षी तो येतोच. त्याच्या मनातली हौस अजून शाबूत आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मग लाखांचं बक्षीस काम करतं कुठे? आमचं म्हणणं असं, की ते माणसावर काम करत नाही, मनोऱ्यावर करतं. प्रयोगशाळेतलं मूल एकटं असतं, खडू त्याचा, चित्र त्याचं, प्रशस्तिपत्रही त्याचं. इथे तसं नाही. खांदा एकाचा, निर्णय दुसऱ्याचा, बक्षीस मंडळाचं, फलकावर नाव तिसऱ्याचं आणि पडतो तो चौथाच. किती थर लावायचे, एका दिवसात किती हंड्या करायच्या, थकलेल्या पोरांना घेऊन रात्री आणखी एका चौकात जायचं का, पाऊस पडून अंग निसरडं झाल्यावर थांबायचं का, हे निर्णय खांदा घेत नाही. ते मंडळ घेतं, आणि मंडळाच्या डोळ्यांपुढे बक्षिसांची पाटी असते. म्हणून एकेका माणसाची प्रेरणा अगदी आतली राहूनही सगळ्यांची मिळून चाल बाहेरून ठरू शकते. सांघिक खेळात प्रेरणेचा प्रश्न नुसता 'मनात काय आहे' असा विचारून सुटत नाही. 'ठरवतो कोण आणि सोसतो कोण' हे त्याच्याबरोबर विचारावं लागतं.

चाळीतला तो दोर सैल सोडणारा काका आठवा. ठरवणारा आणि सोसणारा तिथे एकाच जिन्यावर राहत होते. चौकातल्या हंडीत ते जवळपण तुटलं.

कोर्टाची पायरी

हे तुटलेलं जवळपण कायद्याने सांधता येईल का, असा प्रयत्न झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्यांना मनाई केली आणि २० फुटांची मर्यादा घातली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला काहीशी स्थगिती दिली. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी पुन्हा लागू केल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयात उंचीची अट गेली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना मनाई राहिली.

२० फूट म्हणजे किती? २०१२ च्या विक्रमात नऊ थर ४३.७९ फूट झाले, म्हणजे थराला पावणेपाच-पाच फूट. २० फुटांत जेमतेम चार थर. पथकं चिडली ती यामुळे. त्यांच्या रागात पैशाचा वाटा असेल, पण मुख्य दुखणं वेगळं होतं. दहा वर्षं जे कौशल्य कमावलं त्याची उंचीच कापली, असं त्यांना वाटलं. स्कॉटिश तत्त्वज्ञ अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर यांनी १९८१ च्या 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात एक भेद मांडला आहे, तो इथे कामाला येतो. प्रत्येक कलेत, खेळात काही मूल्यं त्या खेळातच मिळतात, दुसरीकडे नाहीत. पैसा, नाव, सत्ता ही बाहेरची फळं कुठेही मिळतात. त्यांचं उदाहरण बुद्धिबळाचं आहे. खाऊसाठी बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाला फसवून जिंकण्यात काही गैर वाटणार नाही. पण एकदा त्याला बुद्धिबळाचीच गोडी लागली, की फसवणं म्हणजे स्वतःचंच नुकसान, हे त्याला कळतं. मनोऱ्याचं कौशल्य हे असं आतलं मूल्य आहे. पाचशे शरीरांनी एक श्वास घ्यायला शिकणं, हे दुसऱ्या कुठल्या बाजारात मिळत नाही. कोर्टाने उंची मोजली, आयोजकांनीही उंचीच मोजली. एकाने ती कमी केली, दुसऱ्याने वाढवली. त्या कौशल्याचं मोजमाप मात्र दोघांच्याही टेपात आलं नाही.

वयाच्या अटीबद्दल मात्र आम्हाला शंका नाही. वरचे थर एकेकाचे असतात, त्यांना 'एक्के' म्हणतात. सर्वांत वर हलकं शरीर लागतं म्हणून मूल चढवलं जायचं. त्या मुलाला हौस नसते असं नाही, बहुधा सर्वांत जास्त हौस त्यालाच असते. पण आतली प्रेरणा आहे एवढ्याने संमती होत नाही. नऊ वर्षांच्या मुलाची हौस खरी असते आणि धोक्याची समज अपुरी असते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आमिष आणि आधार

इथवर ऐकून कोणाला वाटेल, वक्ते पैशाच्या विरुद्ध आहेत. तसं मुळीच नाही. त्यासाठी थोडं कराडकडे जाऊ. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हे सात हजार बाहेरूनच आले ना? पण ते जिंकण्याच्या बोलीवर आले नव्हते. 'जिंकलास तर देतो' असं खर्डेकर म्हणाले नाहीत. 'जा' म्हणाले. पैसा आमिष म्हणून येतो तसा आधार म्हणूनही येतो, आणि दोन्हींना 'बाह्य प्रेरणा' या एकाच खणात टाकणं ही पाठ्यपुस्तकाची आळशी सोय आहे.

याची दुसरी बाजूही खाशाबांच्याच आयुष्यात आहे. पदकानंतर १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. 'त्यांना कुठे बक्षिसाची हाव होती' असं आपण अभिमानाने म्हणतो. पण खेळाडूच्या निःस्पृहपणाचं कौतुक हे समाजाच्या कंजूषपणाचं पांघरूण होऊ शकतं. गीतेतल्या निष्काम कर्माचं आपण असंच करतो. फळाची आशा सोडण्याचा उपदेश कर्म करणाऱ्याने स्वतःला करायचा असतो. मंचावर खुर्चीत बसलेल्याने खाली उभ्या असलेल्या पोराला तो करायचा नसतो.

इंग्लंडमध्ये 'हौशी' या शब्दाचं हेच झालं. १८७९ च्या हेन्ली नौकाशर्यतीच्या नियमांत कारागीर आणि मजूर हे हौशी खेळाडू धरलेच जात नसत. पोट भरलेल्याची ती हौस आणि कष्टकऱ्याचा तो धंदा. म्हणून टेकडीवरच्या वस्तीतल्या पथकाने बक्षीस घेतलं तर त्यात उणेपणा नाही. २०२२ च्या घोषणेत गोविंदांना सरकारी नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के कोट्याचा लाभ जाहीर झाला, तेव्हा स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी आक्षेप घेतला. कोणत्या कागदावर गोविंदा ठरवणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण नोकरीची आशा धरणाऱ्या गोविंदाची हौस खोटी, असं त्यातून निघत नाही.

विमा, हेल्मेट, गाद्या, रुग्णवाहिका हे सगळं आधारात मोडतं. त्याच घोषणेत मृत गोविंदाच्या कुटुंबाला १० लाखांची मदत ठरली. त्याच वर्षी विलेपार्ल्यात पडलेला एक तरुण गोविंदा नंतर रुग्णालयात दगावला. आता दोन आकडे शेजारी ठेवा : दहाव्या थराला २५ लाख, गेलेल्या जिवाला १० लाख. आम्ही यात कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण आमिष आधारापेक्षा अडीचपट असेल, तर त्याचा ओढा कुठल्या दिशेला असेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको.

उतरणाऱ्याचे गुण

मग करायचं काय? यासाठी एका दूरच्या पण आपल्याशी नातं सांगणाऱ्या गावी जाऊ. स्पेनमधला कॅटलोनिया प्रांत. तिथे वाल्स या गावी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माणसांचे मनोरे रचतात. त्यांना 'कास्तेल', म्हणजे किल्ले, म्हणतात. २०१० साली युनेस्कोने त्यांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. १९९८ मध्ये तिथे दहा थर लागले, आपल्या आधी सत्तावीस वर्षं. तिथेही अगदी वर लहान मूल चढतं, हात उंचावतं. तिथेही गावागावांत कडवी ईर्षा आहे, पथकं हौसेवरच चालतात आणि तारागोना शहरात दर दोन वर्षांनी गुणांची मोठी स्पर्धा भरते. म्हणजे हौस, ईर्षा आणि इनाम तिन्ही आहेत. आणि अपघात तिथेही होतात.

पण त्यांच्या मोजमापात एक गोष्ट आहे. मनोरा वरपर्यंत गेला आणि मुलाने हात उंचावला, तर त्याला एक शब्द आहे, 'चढवलेला'. तोच मनोरा सगळे थर क्रमाने उतरवून सुखरूप मोकळा केला, तर दुसरा शब्द, 'उतरवलेला'. आणि स्पर्धेत उतरवलेल्याला गुण जास्त. अर्ध्यावर डळमळतोय असं पाहून पथकाने स्वतःच मागे घेतलेल्या मनोऱ्यालाही त्यांच्याकडे वेगळं नाव आहे. कोसळलेल्यात आणि समजून मागे घेतलेल्यात ते फरक करतात.

आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. कारण मनोऱ्याचं खरं कौशल्य उतरण्यातच आहे. चढताना उत्साह असतो, उतरताना स्नायू थकलेले, लक्ष उडालेलं, ढोल वाजायला लागलेला. उतरेपर्यंत ज्यांचा ताल टिकतो ते खरे कसबी, हे कुठलाही जुना गोविंदा सांगेल. तिकडचं बक्षीस त्या आतल्या मूल्यालाच जाऊन मिळतं. आपल्याकडे इनाम सलामीपाशी थांबतं आणि पुढचं उतरणं बिनहिशेबी राहतं.

तेव्हा इनाम काढून टाका, असं आमचं म्हणणं नाही. इनामाची जागा बदला. आठ थर लावून सुखरूप उतरणाऱ्याला नऊ लावून कोसळणाऱ्यापेक्षा जास्त द्या. सातव्या थरावर 'आज नको' म्हणून खाली येणाऱ्या पथकाला मंचावर बोलवून नारळ द्या, तोही आधी न पुकारता. बालवाडीतल्या मुलांनी ते शिकवलंच आहे. बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक भाग आधीच विम्याला आणि सरावाच्या गाद्यांना द्या. आणि कुठल्या क्षणी थांबायचं, हा शब्द खालच्या थराचा असू द्या, कारण भार त्याला कळतो, मंचावरून कळत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्याबद्दल. आयोजक मोठी हंडी बांधतो ती आपण जमतो म्हणून. चौकात उभं राहून 'अजून एक, अजून एक' ओरडणारा जमाव हेच सर्वांत मोठं इनाम आहे, त्यातून पैशाचं इनाम जन्मतं. सलामी झाली की आपण टाळ्या वाजवतो आणि मोबाइल खिशात टाकून पुढच्या हंडीकडे वळतो. तेव्हा वरचं पोर अजून वरच असतं. पुढच्या गोपाळकाल्याला एवढं करू या : टाळ्या त्याचे पाय जमिनीला लागल्यावर वाजवू. शेवटचा माणूस खांद्यावरून खाली येईपर्यंत जागचं हलायचं नाही. दहा हजार माणसं एका चौकात असं वागली, तर पुढच्या वर्षी बक्षिसाच्या पाटीवरची अट बदलायला कोर्टाची गरज पडणार नाही.

इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.